लीजच्या फ्लॅटमधलं तुंबलेलं ड्रेनेज: मीटिंगला बसण्याआधीची तयारी

वळिवाचे दोन-चार पाऊस झाले की बेळगावात तळमजल्यावरच्या न्हाणीतून पाणी उलटायला लागतं. मृगाच्या आत हे काम उरका, पुढे पावसाची झड लागली की चेंबर उघडून बघणंही कठीण. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये आवाज चढण्याआधी एकच गोष्ट शोधून ठेवा: तुंबलंय नेमकं कुठे? पैसे कुणी घालायचे ते बरंचसं त्यावरच ठरतं.

प्लंबरला बोलावून आवारातली चेंबरची झाकणं ओळीने उघडून घ्या. बिल्डिंगला लागून असलेलं चेंबर रिकामं, पण घरात पाणी थांबलंय, तर अडथळा उभ्या पाइपात किंवा फ्लॅटच्या आत. ते भरलेलं आणि पुढचं रिकामं, तर गाळ त्या दोघांच्या मधे बसलाय. रस्त्यालगतचं शेवटचंही काठोकाठ असेल, तर बहुधा महापालिकेची लाइन तुंबलेली. कुणाचं पाणी कुठल्या पाइपात उतरतं ते माहीत नसेल, तर एकेका फ्लॅटमधून बादलीभर पाण्यात नीळ कालवून ओता आणि खाली एकाला उभं करा. निळं पाणी कुठल्या तोंडातून आलं, किती वेळाने आलं, ते वहीत लिहा. पाण्यावर पांढरट, मेणासारखा थर दिसला तर ती स्वयंपाकघरातली चरबी. रश्श्याची भांडी, कढईतलं उरलेलं तेल, सगळं सिंकमधून तिथे येऊन थिजतं. फोटो काढून ठेवा. गच्चीवरच्या पावसाचा पाइप याच चेंबरला जोडलाय का, हेही बघाच. पावसाळ्यात तळमजला बुडण्याचं ते मोठं कारण असतं.

मग कागद. आपल्याकडे लीज म्हणजे बहुतेकदा एकरकमी डिपॉझिट आणि महिन्याला भाडं नाही. करारात दुरुस्ती कुणाकडे, ते वाचा. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने कळवूनही वेळेत केली नाही, तर ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करायची सोय 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये आहे. पण भाडंच नसेल तर कापणार कशातून? म्हणून खर्च डिपॉझिटसोबत परत मिळेल, असं मालकाकडून आधी लिहून घ्या. निदान व्हॉट्सॲपवर तरी.

मालकाला मीटिंगला यायला सांगा, नाहीतर तुमच्या नावे अधिकारपत्र मागा. बिल्डिंगचं डिक्लरेशन डीड (बिल्डिंग या कायद्याखाली आणल्याचा मालकांचा दस्त) झालेलं असेल तर 1972 चा कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागू होतो, आणि सगळ्यांच्या वापराच्या वस्तूंचा खर्च हिश्शाप्रमाणे सगळ्या मालकांवर येतो. ‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्हाला काय त्रास?’ हे त्यात बसत नाही. तिसऱ्या मजल्याचंच पाणी तळमजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीत येतं, हे नीळ घातलेल्या बादलीने सगळ्यांसमोर दाखवता येतं. ते मोठ्या आवाजापेक्षा जास्त पटतं.

महापालिकेची लाइन तुंबलेली निघाली, तर तिथला अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, कारण फाइल कन्नडमध्येच फिरते. सोबत मराठी प्रत जोडा. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या कलम 350 ने दिलाय, तो सोडू नका. चेंबरचे फोटो लावा, पोच घ्या.

एका गोष्टीत तडजोड नको. थोडे पैसे वाचवायला कुणालाही सेप्टिक टँकमध्ये किंवा गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरवू नका. आतला वायू क्षणात माणूस पाडतो. 2013 च्या कायद्याने अशा जीवघेण्या सफाईला माणूस लावण्यावर बंदी आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारसफाईतल्या मृत्यूची भरपाई 30 लाख केली. सक्शनची (गाळ ओढून घेणारी) किंवा जेटिंगची (पाण्याच्या जोराने पाइप मोकळा करणारी) गाडीच बोलवा. गाडी फाटकातून आत येईल ना, ते आधी मोजा, आणि त्या दिवशी वाटेतल्या स्कूटर हलवायला सगळ्या मजल्यांवर आदल्या रात्रीच सांगून ठेवा.