फायरमनसाठी मनाची ड्रिल: या चुका टाळा

१९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना आपण दर १४ एप्रिलला मानवंदना देतो. पण जो वर्दीवरून, म्हणजे आगीच्या कॉलवरून, धडधाकट परत येतो आणि रात्रभर छताकडे बघत पडतो, त्याचं काय? आता कुठेकुठे मनाचं ट्रेनिंग सुरू झालंय, खूप बरं वाटतं, पण काही चुका परत परत दिसतात म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर्षातून एकदा हॉलमध्ये लेक्चर आणि झालं. अरे, होजची ड्रिल आपण रोज करतो ना, मग श्वासाची एकदाच कशी पुरेल? ही प्रॅक्टिस बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचा मास्क आणि हवेचा सिलेंडर, घालूनच करा. नवीन असताना धुराच्या खोलीत मास्क लावला की मी नुसता हवा ओढायचो, सिलेंडर बाकीच्यांच्या आधी संपायचा. उस्तादांनी शिकवलं, चार मोजत घे, सहा मोजत सोड. चक्कर येत असेल तर तुम्ही हळू नाही, खोल श्वास घेताय, तो कमी करा. आणि मनात "घाबरू नको" म्हणू नका, त्याने भीतीच डोक्यात फिरत राहते. "उजवा हात भिंतीला, होज पायाशी, पुढे दार" असं बोला, हाताला काम मिळालं की डोकं पण ठिकाणावर येतं.

दुसरी चूक चांगल्या मनाने होते. एका वर्दीत लहान मूल वाचलं नाही. ज्याने बाहेर आणलं तो जवान स्टेशनच्या नळाखाली हात धूतच राहिला, साबण संपला तरी. त्याच रात्री सगळ्यांना गोल बसवून एकेकाला "काय पाहिलंस सांग" केलं, आणि तो पुढचे कितीतरी दिवस कोणाशी बोललाच नाही. असं लगेच सगळं उकरून काढू नका असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्या रात्री कोरडे कपडे, चहा, घरी एक फोन आणि शेजारी बसणारं माणूस एवढं पुरे, स्वतःहून बोलला तर मधे न तोडता ऐका.

आणि ऐकलेलं साहेबांच्या कानावर घालू नका. एकदा फुटलं की त्या स्टेशनवर परत कोणी तोंड उघडणार नाही. फक्त जीवाचं बरंवाईट करायची भाषा असेल तर गप्प बसायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही.

झोपेसाठी दारू नको, डोळा लागतो पण मधेच जाग येते.

महिना उलटूनही तीच स्वप्नं, चिडचिड, वास आला की दचकणं चालू असेल तर श्वासाच्या व्यायामावर भागवू नका, डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन लावून शब्दच फुटत नसतील तर साथीदाराला जवळ बसवा, पहिलं वाक्य त्याला बोलू द्या.