रानटर्कीला साद घालण्यापूर्वीची तयारी

अमेरिकेत वसंत ऋतूत, विणीच्या हंगामात, रानटर्कीच्या नराची शिकार करताना मादीच्या आवाजाची नक्कल करून त्याला टप्प्यात आणावे लागते. म्हणून तयारीला बंदुकीऐवजी कॉलपासून, म्हणजे हा आवाज काढण्याच्या साधनापासून, सुरुवात करावी. परवाना काढतानाच त्या राज्याचे नियम नीट वाचावेत, कारण बहुतेक राज्यांत रेकॉर्ड केलेला आवाज वाजवण्यास मनाई आहे.

नवशिक्याने बॉक्स कॉल घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. आर्कान्सातील हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये पेटंट घेतलेली ही लाकडी पेटी झाकण कडेवर घासताच बोलू लागते. तिला तेलविरहित खडू लावावा, दमट हवेत ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि चालताना खिशात कुरकुरू नये म्हणून झाकणाला रबरबँड गुंडाळावे. पाटीच्या दगडावर काडी घासून वाजवायचा पॉट कॉल असेल, तर त्याचा पृष्ठभाग सँडपेपरने हलकेच खरखरीत करावा आणि त्याला किंवा काडीच्या टोकाला बोट लावू नये, कारण त्वचेच्या तेलकटपणाने ती काडी नुसती घसरते. तोंडात टाळूला लावून फुंकायचा, लॅटेक्सच्या पापुद्र्यांचा डायाफ्राम कॉल दोन्ही हात मोकळे ठेवतो, मात्र त्याचा सराव काही आठवडे आधी सुरू करावा. वापरून झाल्यावर तो स्वच्छ पाण्याने धुऊन, लॅटेक्सचे पापुद्रे चिकटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये दात कोरण्याची काडी सरकवून, फ्रिजमध्ये ठेवावा.

सुरुवातीला येल्प (मादीची नेहमीची साद), क्लक (एकच तुटक आवाज) आणि पर (हळुवार घुरघुर) एवढे तीनच आवाज पक्के करावेत. स्वरापेक्षा लय महत्त्वाची आहे, त्यामुळे आपला आवाज फोनवर रेकॉर्ड करून खऱ्या मादीच्या आवाजाशी ताडून पाहावा. क्लक जरा तीव्र झाला, तर तो धोक्याचा इशारा देणाऱ्या ‘पट’सारखा ऐकू येतो आणि जवळ आलेला नर निघून जातो.

आदल्या संध्याकाळी घुबडाचा घुत्कार करून पाहावा; नर न राहवून गॉबल करतो, म्हणजे आपली खणखणीत आरोळी देतो, आणि त्याचा रातथारा, म्हणजे रात्री बसण्याचे झाड, कळतो. पहाटे अंधारातच तेथून सुमारे शंभर मीटरवर बसावे आणि उजाडताना झाडावरच्या मादीसारखे अगदी हळू येल्प करावेत. त्याचे उत्तर आले की हात आवरावा. निसर्गक्रमात मादी नराकडे जाते, त्यामुळे सारखी साद ऐकणारा नर जागीच पिसारा फुलवून तिची वाट पाहत राहतो. साद थांबली की मात्र तो शोधत येण्याची शक्यता वाढते. अशा वेळी कॉल खाली ठेवून वीस-पंचवीस मिनिटे निश्चल बसण्याचा सरावही घरीच करावा, कारण तोच सर्वांत अवघड आहे.

आपला आवाज इतर शिकाऱ्यांनाही फसवतो, हे क्षणभरही विसरू नये. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा व निळा रंग असतो, म्हणून त्या रंगांचा रुमाल किंवा मोजाही अंगावर नसावा. खांद्यांहून रुंद खोडाला पाठ टेकून बसावे आणि गॉबल ऐकू आला तरी त्याच्या दिशेने दबकत जाऊ नये. दुसरा शिकारी दिसलाच, तर हात हलवू नये, कॉल तर मुळीच वाजवू नये. जागचे न हलता स्पष्ट, मोठ्या आवाजात बोलावे, मग ती सकाळ वाया गेली तरी चालेल.