पिंजऱ्याच्या लाकडाला पॉलिश करताना या चुका टाळा

घरी पिंजरा करणारे जाळी आणि माप यांवर भरपूर डोकं चालवतात, पण पॉलिशची वेळ आली की रंगाच्या दुकानात मिळेल तो डबा उचलतात. बजी, कॉकटेल, लव्हबर्ड हे सगळे लाकूड कुरतडणारे पक्षी. त्यामुळे लाकडाला जे लावाल ते थोडंथोडं त्यांच्या पोटात जाणारच. म्हणून चोच पोचते तिथं काहीच लावू नका. बसायच्या दांड्या तर कोऱ्याच हव्यात. फवारणी न झालेल्या कडुनिंबाची साधी फांदी धुऊन, वाळवून लावली की झालं. पॉलिशची गरज असते ती बाहेरच्या चौकटीला आणि खालच्या ट्रेला, कारण ते रोज पुसावे लागतात.

वास गेला म्हणजे रंग वाळला, ही सगळ्यात घातक समजूत. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, वरचा थर पटकन सुकतो, आतला मात्र कच्चाच राहतो आणि खोली तापली की वाफ सोडत राहतो. पक्ष्यांच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यांचं शरीर हवेतला प्राणवायू आपल्यापेक्षा जास्त ओढून घेतं, तसंच विषही. त्यामुळे थिनरवर चालणारे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) या पॉलिशच्या वाटेला घरच्या कामात जाऊच नये असं माझं ठाम मत आहे. वॉटर-बेस्ड वॉर्निश घेतलंत तरी पूर्ण पक्कं व्हायला महिनाभर द्या. एक परीक्षा करून बघा: पिंजऱ्यावर मोठी प्लास्टिकची पिशवी रात्रभर बांधून ठेवा आणि सकाळी सोडताच वास घ्या. जरासा जरी दर्प आला तरी पक्षी आत सोडायचा नाही. वास आला नाही म्हणून ठरलेले दिवस मात्र कमी करू नका.

तेल लावायचं तर कोणतं? शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही. चिकट राहतं, खवट होतं, धूळ आणि पिसं धरून ठेवतं. घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल वाळतं. करडईचंही वाळतं, पण जास्त सावकाश. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड बेलतेल, म्हणजे प्रक्रिया केलेलं जवसाचंच तेल, मात्र नको, कारण ते लवकर सुकावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे क्षार घालतात. तेलाचा हात अगदी पातळ द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी जुन्या टॉवेलच्या तुकड्यानं कोरडं पुसून काढा. नंतरही लाकूड चिकट लागलं तर थर जाड झालाय असं समजा. तेच ताजं तेल थोडं चोळा, खरखरीत कापडानं जोर लावून पुसा आणि हवेशीर जागी काही आठवडे ठेवा.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मे महिन्यात तर हा धोका फारच मोठा. चिंधी पाण्यात बुडवा किंवा बाहेर एकेरी पसरून वाळू द्या.

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश चौकटीला चालतं. स्पिरिट उडून जातं, मागे लाखेचा थर राहतो. पण पक्षी पाण्यात पंख फडफडवतात, आणि ओलाव्यानं लाखेवर पांढरे डाग पडतात. म्हणून पाण्याच्या भांड्याजवळ लाख नको.

पाडलेल्या वाड्याच्या चौकटी स्वस्तात मिळतात, पण त्यांच्यावरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त शिसं नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री कोण देणार? पॉलिश पेपरनं घासलं तर ती धूळ आपल्या मुलांच्याही श्वासात जाते. असं लाकूड घेऊच नका. वाळवीचं औषध मारलेलं लाकूडही नको.

नव्या पिंजऱ्यात पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला, श्वासागणिक शेपूट वरखाली हलू लागली, तर त्याला लगेच दुसऱ्या मोकळ्या खोलीत हलवा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. जाताना पॉलिशचा डबा सोबत घ्या. काय लावलं होतं ते डॉक्टरांना लेबलवरून लगेच कळेल.