फोटोवरून बागेतली माशी ओळखताना: जात कोणती, नर की मादी?

माघात सांगलीला आमच्या परसातली कोथिंबीर फुलावर आली. त्या फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या ‘मधमाश्या’ हवेत एकाच जागी तरंगत होत्या. फोटो मोठा करून पाहिला, तर पंखांची एकच जोडी! त्या सिरफिड माश्या होत्या.

म्हणून आधी पंख मोजा. मधमाशीला चार, माशीला दोनच. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक गाठी असतात. मिशाही पाहा. मधमाशीच्या लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या, सिरफिडच्या अगदी आखूड.

फोटो सकाळी काढा, माश्या ऊन खात पानावर बसतात तेव्हा. आपली सावली पडली की उडतात, हे ध्यानात ठेवा. एकाच माशीचे वरून, समोरून आणि कडेने असे तीन फोटो काढाच. नुसत्या कडेच्या फोटोवरून नर-मादी ठरवणं फार अवघड. झाडाचं नाव आणि तारीख तेव्हाच टिपून ठेवा.

आता डोळे. वरून काढलेला फोटो मोठा करा आणि डोक्याच्या माथ्यावर बघा. बहुतेक सिरफिड जातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडतात, मधे फट उरत नाही. मादीच्या डोळ्यांमधे भांगासारखी स्पष्ट पट्टी असते. काही जातींत मात्र नराचेही डोळे भिडत नाहीत, तेव्हा पोटाचं टोक तपासा: मादीचं निमुळतं, नराचं बोथट आणि खाली वळलेलं. घरमाशीतही नराचे डोळे मादीपेक्षा जवळ असतात.

माझा आवडता फोटो मादीचा आहे. मावा (रस शोषणारी बारीक कीड) लागलेल्या चवळीच्या शेंड्यावर ती पोट वाकवून बसलीय आणि शेजारी तांदळाच्या कणीसारखं पांढरं अंडं. त्यातून निघणारी अळी मावा खाते. तो शेंडा मी फवारला नाही.

फळमाशीला डोळ्यांचा नियम लावू नका. तिथे नर-मादी दोघांचेही डोळे एकमेकांपासून दूर असतात. मादीच्या शेपटाकडे अंडी घालायची टोकदार नळी दिसते, नराला ती नसते. जातीसाठी पाठ पाहा. दोडका-कारल्यावरच्या फळमाशीच्या पाठीवर तीन पिवळ्या रेघा आणि पंखावर गडद पट्टे असतात. आंब्यावरच्या फळमाशीला बाजूच्या दोनच रेघा, मधली नाही. मिथाइल युजेनॉलच्या (नरांना ओढणाऱ्या वासाच्या रसायनाच्या) सापळ्यातल्या माश्यांचे फोटो तपासत असाल, तर तिथे आंब्याच्या फळमाशीचे नरच येतात. मादी शोधायची तर फळावरच बघावं लागतं.

जातीचं नाव देण्याची घाई करू नका. कित्येक जाती पंखांच्या शिरांवरून किंवा पायांच्या केसांवरूनच वेगळ्या होतात आणि मोबाईलच्या फोटोत ते येत नाही. अशा वेळी ‘सिरफिड, मादी’ एवढंच लिहून तीनही फोटो जपून ठेवा.