सीलच्या पिल्लांचा जंतुसंसर्ग: या चुका टाळा

सील या समुद्री प्राण्याचं तान्हं पिल्लू बचाव केंद्रात आलं की नवखा माणूस आधी थर्मामीटर शोधतो. आकडा नेहमीचा दिसला की वहीत ‘ताप नाही, संसर्ग नाही’ असं लिहून मोकळा होतो. रक्तात जंतू शिरलेलं अशक्त पिल्लू तापेलच असं नाही, पुष्कळदा ते गार पडतं. पांढऱ्या पेशींचंही तेच: त्या वाढण्याऐवजी खर्ची पडून कमी झालेल्या असू शकतात. म्हणून रक्तातली साखर तपासा, हिरड्यांचा रंग बघा, आणि हात लावल्यावर पिल्लू चावायला येतं का तेही बघा. काल गुरगुरणारं पिल्लू आज गप्प असेल, तर ते माणसाळलंय असं समजून फोटो काढत बसू नका.

सगळ्यात जास्त हयगय होते ती बेंबीची. क्रम ठरलेला असतो. चार दिवसांचं पिल्लू येतं, नाळेचा तुकडा वरून वाळलेला, खपली स्वच्छ. मग बेंबीकडे पुन्हा कुणी बघत नाही. पिल्लू चळवळं आहे म्हणून आल्यापासून तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीत सोडतात. सहाव्या दिवशी नळीने दिलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, तर दूध बदलतात. आठव्या दिवशी मागच्या फ्लिपरचा (वल्ह्यासारख्या पायाचा) सांधा सुजतो, तर मुरगळला असेल म्हणून एक्स-रे काढतात. सांध्यात असतो पू, आणि त्याचं मूळ बेंबीत. नाळेतली शीर थेट यकृताकडे जाते, धमन्या मूत्राशयाच्या कडेने जातात. वरून खपली धरली तरी आतली वाट उघडीच राहते.

म्हणून आल्या दिवसापासून दिवसातून दोनदा बेंबी ०.५ टक्के क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकात बुडवा. द्राव दर वेळी ताजा घ्या. कालच्याच कपात पुन्हा बुडवणं म्हणजे जंतूंची ने-आण. मग बेंबीभोवती दोन बोटांनी चाचपा. आत दोरीसारखं टणक लागलं, जागा ऊन वाटली किंवा पिल्लाने अंग चोरलं, तर त्याच दिवशी सोनोग्राफी. नाळ गळून जागा पुरती बुजेपर्यंत पिल्लू कोरड्यावरच. पोहणं आठवडाभर लांबलं म्हणून काही बिघडत नाही.

दुसरी चूक घाईची: आधी इंजेक्शन, मग नमुना. अँटिबायोटिक गेल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू वाढला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पाच मिनिटं थांबा, रक्त घ्या, कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखायच्या) बाटल्या भरा, मग सुई टोचा. जखमेचा स्वॅबही वरच्या पुवाचा नको. सलाइनने धुवा आणि खोलातून घ्या. चाव्याचं भोक वरून मुगाएवढं दिसतं, पण खाली चरबीत पोकळी पसरलेली असते. ती शिवून बंद करणारे पुढच्या गळवाची सोय करतात. उघडी ठेवा, रोज धुवा, आतून भरून येऊ द्या.

जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्स अंगातलं पाणी कमी झालेल्या पिल्लाला देणं म्हणजे मूत्रपिंडांशी खेळ. आधी पाणी आणि क्षार भरून काढा. डोस आज सकाळच्या वजनावर काढा, परवाच्या नाही.

ब्लीच घाणीवर ओतू नका. विष्ठा, दूध, माशाचं तेल असेल तिथे क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. आधी साबणाने घासा, धुवा, मग ब्लीच. दहा मिनिटं ओलं राहू द्या, पुन्हा धुवा. दूध पाजायच्या नळ्यांनाही हाच नियम, आणि एका पिल्लाची नळी दुसऱ्याला नाही.

गोठवलेले मासे फ्रीजमध्येच वितळवा. रात्रभर बादलीत ठेवून सकाळी वास घेऊन ‘चालतील’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

अंगावरची प्रत्येक गाठ पुवाची नसते. सीलपॉक्सच्या गाठी विषाणूच्या असतात. अँटिबायोटिकने त्या जात नाहीत. जिवाणूंनी त्यात शिरकाव केला तरच त्याचा उपयोग.

आणि हातमोजे. सील चावल्यावर किंवा कापल्या जागी त्याचा स्पर्श झाल्यावर काही दिवसांनी बोट सुजून ठणकू लागलं, तर डॉक्टरांना सीलचं काम करता हे आधी सांगा. ‘सील फिंगर’ मायकोप्लाझ्मामुळे होतो. या जंतूला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची बाहेरची भिंतच नसते, आणि पेनिसिलिन घाव घालतं ते त्या भिंतीवर, त्यामुळे ते इथे चालत नाही. टेट्रासायक्लीन गटातलं औषध लागतं.