शिक्षक व्हायचंय म्हणून पदव्युत्तर शिक्षण घेताय? या चुका टाळा

पहिली चूक अर्ज भरतानाच होते. ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणत जिथे प्रवेश मिळेल तिथे नाव घालायचं! विषयातली पदवी आणि शिक्षणशास्त्रातली पदवी यांचा उपयोग वेगवेगळा आहे. गोल्डहेबर आणि ब्रूअर या संशोधकांना अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या अभ्यासात असं दिसलं, की गणितातच पदव्युत्तर झालेल्या शिक्षकांचे विद्यार्थी गणितात सरस होते. नुसती कुठलीतरी पदव्युत्तर पदवी असून फरक पडत नव्हता. फिनलंडमध्ये १९७९पासून प्राथमिकच्या वर्गशिक्षकालाही ही पदवी लागते, पण तिथे त्याचा मुख्य विषय शिक्षणशास्त्र असतो. तेव्हा कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचंय, हे आधी ठरवा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: विषय आला की शिकवताही येतं, हा समज. ०.४५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. एम.एस्सी. झालेला नवा शिक्षक बरोबर उत्तर फळ्यावर लिहून मोकळा होतो. मुलाने पूर्ण संख्यांचा नियम दशांशाला लावलाय, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. गंमत म्हणजे त्याच मुलाला ०.४५ आणि ०.३ विचारा, उत्तर बरोबर येईल आणि चूक झाकली जाईल! म्हणून प्रश्नांची जोडी विचारपूर्वक निवडावी लागते. विषयज्ञानाखेरीज शिक्षकाला हे वेगळं ज्ञान लागतं, असं अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६मध्ये मांडलं. अभ्यासक्रम निवडताना त्यात हे कुठे शिकवतात, ते बघा. नुसता शिक्षणाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान असेल तर माझ्या मते दुसरीकडे चौकशी केलेली बरी.

लघुप्रबंधाला ‘आधुनिक शिक्षणातील आव्हाने’ छापाचा विषय घेऊ नका. वरच्या दशांशाच्या गोंधळावर एका वर्गात काम केलंत, तर ते पुढे दरवर्षी कामी येईल.

आणि दोन वर्षं वर्गापासून तुटू नका. आठवड्याला एखादी तासिका तरी घ्या.

चुकीच्या अभ्यासक्रमात आधीच अडकला असाल तर लगेच सोडू नका. ऐच्छिक विषय बदलता येतात का, ते विचारा. लघुप्रबंधाचा विषय बहुधा आपल्या हातात असतो, तो शाळेकडे वळवा आणि शाळेत शिकवलेला मार्गदर्शक मिळतो का पाहा.