ट्रायग्लिसराइड्स वाढलेत? तुपाच्या आधी साखरेचा डबा बघा

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड्सपुढे, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीपुढे, ठळक अक्षरात २८० छापून आलं, की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड तुपावर पडते. पोळी कोरडी होते, फोडणीतलं तेल निम्म्यावर येतं, आणि पुढच्या तपासणीत आकडा जवळपास तिथंच असतो. कारण चार वेळचा चहा, रात्रीचा भात आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी यांना कुणी हातच लावलेला नसतो. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची आणि पिष्टाची यकृत चरबी बनवतं आणि ती ट्रायग्लिसराइड्सच्या रूपात रक्तात सोडतं. दारूनेही यकृताचं हे काम वाढतं.

१. आधी आकडा वाचा

उपाशीपोटी केलेल्या तपासणीत १५०च्या आत ठीक, १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ जास्त. ५००च्या वर असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. त्या पातळीला स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. औषध तर लागतंच, शिवाय तेव्हा तेल-तूपही खरोखर फार कमी करावं लागतं आणि दारू पूर्ण बंद. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या होत असतील, तर थेट हॉस्पिटल गाठा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषधाचा डोस तसाच राहिला तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते.

२. पितो ती साखर मोजा

एका कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप. म्हणजे साधारण ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. एकदम बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही, म्हणून दर आठवड्याला प्रत्येक कपातली अर्धा चमचा साखर कमी करत जा. महिन्याभरात जीभ सरावते. चहासोबतची खारी आणि बिस्किटं मात्र लगेच थांबवा. गूळ किंवा मध घातला म्हणून फरक पडत नाही, यकृताच्या लेखी ती साखरच. उसाचा रस, कोल्ड्रिंक, डब्यातले ज्यूस बंद. फळ चावून खा: पेरू, संत्रं, पपई. आंब्याच्या दिवसांत वाटीवर वाटी आमरस नको. जेवणात पोळी कमी करून एखादी फोड घ्या.

३. ताट फिरवा

पोळी किंवा भात, एका जेवणात दोन्ही नको. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, पण ‘भाकरीने काय होतंय’ म्हणत तीन खाल्ल्या तर काही साधलं नाही. एक भाकरी, वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ आणि उरलेलं निम्मं ताट पालेभाजी, कोशिंबीर, गवार, दोडका यांनी भरा. बटाट्याची भाजी भाज्यांत धरू नका.

तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवा. वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तळणीचं तेल नकोच.

४. उपासाचं काय?

इथेच गाडी घसरते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, वर रताळ्याचा गोड कीस आणि केळ्याचं शिकरण. एकादशी, चतुर्थी, श्रावण, नवरात्र धरलं तर वर्षात असे दिवस काही थोडे नसतात. उपास मोडायची गरज नाही, फक्त ताट बदला: थोडी वरई आणि दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचं भरीत, ताक, पेरू. ‘उपासाचा’ म्हणून मिळणारा तळलेला चिवडा दुकानातच राहू द्या.

५. मासे, जवस आणि दारू

मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्या. या तेलकट माशांतलं ओमेगा-३ (चरबीचाच एक चांगला प्रकार) उपयोगी पडतं. पण रव्यात घोळवून भरपूर तेलात तळू नका. तव्यावर थोड्या तेलात भाजा किंवा कालवण करा. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी जरूर खा, मात्र जवसातल्या ओमेगा-३चं माशातल्या प्रकारात शरीर फारच थोडं रूपांतर करतं. म्हणून चटणीच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नका. ओमेगा-३च्या कॅप्सूलही मनाने सुरू करू नयेत.

दारूबद्दल ‘थोडी चालते’ हे या बाबतीत मला पटत नाही. काहींचा आकडा थोड्या दारूनेही चढतो, आणि सोबतचा चकणा वेगळाच. पुढच्या तपासणीपर्यंत पूर्ण बंद ठेवली, तर आपल्याला ती किती बाधते ते तिथेच कळेल.

६. वजन आणि पुन्हा तपासणी

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी आकड्यात चांगला फरक दिसतो. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा: आदल्या रात्री हलकं जेवण, मग १० ते १२ तास फक्त पाणी. लग्नाच्या पंगतीतून उठून दुसऱ्या सकाळी रक्त द्यायला जाऊ नका.

इतकं करूनही आकडा हलला नाही तर थायरॉइड, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि किडनीच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइड्स, काही हार्मोन्सच्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधंही ट्रायग्लिसराइड्स वाढवतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, पण त्यातली एकही परस्पर बंद करू नका.